ख्रिस्ताचे दुःखसहन : आधुनिक चिंतन

येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील यातनांचा आजच्या श्रद्धावंतांसाठी अर्थ काय, याविषयीचा ख्रिस्ती विचार. देव दुःखातीत आहे, ख्रिस्ताने यातना सोसल्या त्या मानवी स्वभावात, अशी पारंपरिक ईश्वरविद्येची भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अनेकांना अपुरी वाटू लागली. जर्मन विचारवंत युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांनी १९४३ च्या हॅम्बुर्गवरील बॉम्बहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र गमावला. पुढे युद्धकैदी असताना मार्कच्या शुभवर्तमानातील येशूचा आक्रोश, देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्न, त्यांनी वाचला आणि आपले दुःख जाणणारा कोणी आहे, असे त्यांना वाटले. १९७२ मधील ग्रंथात त्यांनी मांडले, की पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्रवियोग. म्हणजे दुःख देवाच्या अंतरंगातच पोचते. या मांडणीचे बळ तिच्यामागच्या अनुभवात आहे. मात्र पीडितांना मुकाट्याने सोसायला शिकवण्यासाठीही वधस्तंभाचा वापर झाला, हा स्त्रीवादी विचारवंतांचा आक्षेप रास्त आहे. भारतात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविद्येची पायाभरणी करताना वधस्तंभावरील ख्रिस्ताला दलित म्हणून पाहिले.