उत्पादकतेच्या वाटणीचा प्रश्न

उत्पादकता वाढवण्याची विद्या यंत्रांबरोबर एका देशातून दुसऱ्या देशात जाते, असे सहज मानले जाते. जपानचा इतिहास वेगळे सांगतो. मार्च १९५५ मध्ये तिथे अमेरिकी पाठबळाने उत्पादकता केंद्र स्थापन झाले आणि कारखानदार, अभियंते व कामगार पुढाऱ्यांची अभ्यासपथके अमेरिकेला जाऊ लागली. मात्र मे महिन्यातच केंद्राने तीन तत्त्वे मान्य केली: रोजगार वाढवणे, मालक-कामगारांनी मिळून विचार करणे आणि फायद्याची न्याय्य वाटणी. माझ्या मते पथकांनी आणलेल्या तंत्रांपेक्षा ही तत्त्वेच मोलाची. वाटणीचा विचार न करता नुसते तंत्र आले की काय होते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. एका कामगाराने जास्त यंत्रे सांभाळावीत, या योजनांमुळेच तर १९२८ चा गिरणी संप सहा महिने चिघळला.

जपानमधली ही सारी मोहीम शीतयुद्धाचा डाव होती, कामगार चळवळ बोथट करण्याचा, असा आक्षेप आहे. तो निराधार नाही. ‘सोह्यो’ या मोठ्या कामगार महासंघाने केंद्राला विरोधच केला. पण ‘सोदोमेई’ हा दुसरा महासंघ अटी घालून आत गेला, आणि त्या अटींना पैसा देणाऱ्याच्या हेतूपलीकडचे वजन होते. तत्त्वे कायदा नव्हती, हेही खरे: १९६० मध्ये मिइकेच्या कोळसा खाणीत कामगारकपातीवरून दीर्घ संघर्ष झाला आणि कामगार हरले. तरीही ही कल्पना जपानपुरती राहिली नाही: पुढच्याच वर्षी भारतासह आठ देशांनी आशियाई उत्पादकता संघटना उभारली, तीही तोक्योत.