किल्ल्याचा चुना ओला असताना

वेल्समध्ये 600 च्या वर किल्ले आहेत असं सांगतात. म्हणून कुठे जायचं हे नंतर ठरवा, आधी कधी जायचं ते ठरवा. आणि कधी म्हणजे महिना नव्हे, शतक! माझं ऐकाल तर 1286 चा उन्हाळा धरा आणि उत्तर किनाऱ्यावरचं कॉन्वी गाठा. तिथला किल्ला तेव्हा अर्धाअधिक उभा राहिलेला आहे, काम जोरात चालू आहे. हिवाळ्यात मात्र जाऊ नका. गारठ्यात चुना धरत नाही, म्हणून भिंतींची डोकी पेंढ्याने झाकून माणसं घरी गेलेली असतात.

अंगात लोकरीचा झगा घाला. खाजेल, पण दुसरं काही तिथे खपणार नाही. चेस्टरहून रस्त्याने येऊ नका, सामान वाहणाऱ्या बोटीत बसा. लाकूड, लोखंड आणि शिशाच्या मधे पाय आखडून बसावं लागेल. भरतीची वेळ साधा, नाहीतर बोट खाडीच्या चिखलात रुतून तासन्‌तास तिथेच राहाल.

किल्ला दिसायच्या आधी त्याचा वास येतो. चुनखडीच्या भट्ट्या धुमसताहेत, धूर नाकात झोंबतो. पाणी पडताच कळीचा चुना फसफसून वाफ उसळते. बाजूला व्हा, डोळे सांभाळा! आता वर बघा. काम झालेले बुरुज चुन्याने पांढरेधोप केलेत, उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. आज तिथला करडा दगड पाहून परतणाऱ्यांना हे रूप ठाऊकच नसतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आवाजाचं विचारूच नका. ऐन हंगामात सुमारे 1500 माणसं इथे राबतात. पाथरवटांच्या छिन्न्या, लोहाराचा भाता, दोरखंडांचा करकराट. परांच्या भिंतीला वेढे घालत तिरक्या चढत गेल्यात. पाठीवर दगड घेतलेला मजूर समोरून आला, तर तुम्हालाच भिंतीला चिकटावं लागेल. त्याच्या घामाला कांद्याचा वास येतोय. कोणी इंग्रजीत ओरडतं, कोणी फ्रेंचमध्ये उत्तर देतं. बांधकामाचे प्रमुख, मास्टर जेम्स, आल्प्सकडच्या सॅव्हॉयचे.

भूक लागली? चहा नाही, बटाटाही नाही. ओटची जाड भाकरी, खारवलेला हेरिंग मासा आणि लाकडी पेल्यात जवाची कोमट बिअर मिळेल. लोणी घ्याच, ते आसपासच्या डोंगरांतल्या गाईंच्या दुधाचं असतं. ते विकायला येणाऱ्या वेल्श माणसाला मात्र या नव्या गावात घर मिळत नाही, तटाआडचं गाव इंग्रजांसाठी वसवलंय. इथे आधी मठ होता. साधूंना नदीच्या वरच्या अंगाला मेनानला हलवलं, त्यांचं चर्च तेवढं राहिलं. चुन्याच्या झळाळीत हे विसरू नका. मला ते बोचतं.

दुपारी दक्षिणेकडच्या तटाखाली उभं राहू नका. गिरणीच्या दरवाज्याजवळ तटाबाहेर दगडी कोनाड्यांची रांग पुढे आलेली दिसेल. ते ओळीने 12 संडास आहेत, राजाच्या कारकुनांसाठी, आणि खाली सगळं उघडं आहे. उन्हाळ्यात तिथून वारा आला की हातातली भाकरी तशीच राहते.

रात्री पेंढ्यावर झोपा. पिसवा चावतील. पण जून-जुलैत उजेड उशिरापर्यंत रेंगाळतो, तेव्हा घाई न करता खाडीकाठाने एक फेरी मारून या.

आणि 1286 ला जाणं जमलंच नाही, तर आजच्या कॉन्वीलाही जा. सुमारे 1.3 किलोमीटरचा गावाचा तट जवळजवळ अखंड आहे, त्याच्या बऱ्याच भागावरून चालता येतं, आणि ते 12 संडास अजून जागेवर आहेत.