हबसाणास निघालेला छापखाना

आपल्या प्रताप नगरच्या धर्मग्रामाच्या या जुबिलीनिमित्त परदेशांतील गरीब मिशनशाळांस संगणक पाठवावे, व आपल्यांतील कोणी ते शिकविण्यास स्वखुशीनें जावें, अशी सूचना आमच्या तरुण मंडळींकडून आली आहे. सूचना उत्तम आहे. यंत्र बरोबर घेऊन परमुलखांतील मुलांकडे जाण्याची ही चाल ख्रिस्तसभेंत नवी नाहीं. तिचा एक फार जुना दाखला तर आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजाच्या घरांतला आहे. तो येथें कांहींशा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. यंत्र बंदरास लागणें निराळें व तें मुलांच्या हातीं लागणें निराळें, हें त्यावरून जसें कळतें तसें दुसऱ्या कशानें कळणार नाहीं.

इ. स. १५५६ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस लिस्बनहून येशूसंघाचे कांहीं धर्मगुरु व बंधु हबसाण देशीं, म्हणजे आजच्या इथियोपियांत, जाण्यास निघाले. त्या देशासाठीं नेमलेले धर्माध्यक्ष ज्वांव नुनिश बार्रेटो हे त्यांच्यांत मुख्य होते. सामानांत एक छापखाना होता. तो चालविण्यास बंधु हुआन दे बुस्तामांते होते, आणि त्यांच्या मदतीस छपाईचें काम शिकलेला एक हिंदी मनुष्यहि होता. त्याचें नांव मात्र इतिहासांत राहिलें नाहीं. अशा माणसांचीं नांवें बहुधा राहत नाहींत. आफ्रिकेस वळसा घालून जहाज सप्टेंबरांत गोव्यास पोंचलें. पुढें हबसाणच्या बादशहाचें मन अनुकूल नाहीं असें दिसून आल्यामुळें धर्माध्यक्षांचें जाणें राहिलें, तें कायमचेंच, इ. स. १५६२ त ते गोव्यांतच वारले. छापखानाहि तेथेंच राहिला. हिंदुस्थानांतील पहिलें मुद्रणयंत्र हेंच. आफ्रिकेच्या वांट्याचें दान आपल्या पदरांत पडलें, ही गोष्ट आमच्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावी.

गोव्यांतील संत पावलाच्या विद्यालयांत तें मांडण्यांत आलें. निरनिराळ्या देशींचीं मुलें त्या विद्यालयांत शिकत असत. त्याच वर्षीं विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठीं सिद्धांतांचे कागद छापले गेले, व दुसऱ्या वर्षीं संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिक्षणाची पोथी निघाली. पण खिळे रोमन होते. साष्टीच्या कुळवाड्याचें मूल त्या यंत्रासमोर उभें राहिलें असतें तर त्यास कागद दिसला असता, अक्षर ओळखतां आलें नसतें.

ही उणीव ज्यांस सर्वांहून अधिक बोंचली ते फादर टॉमस स्टीफन्स. हे इंग्रज येशूसंघी इ. स. १५७९ त गोव्यास आले आणि १६१९ त देह ठेवीपर्यंत येथेंच राहिले. मलबाराकडे फादर एन्रिके एन्रिकेस यांनीं इ. स. १५७८ त कोल्लम येथें तामिळ अक्षरांत पुस्तक छापून दाखविलें होतें. मग आपल्या लोकांच्या अक्षरांत कां नाहीं? इ. स. १६०८ च्या डिसेंबरांत रोमला आपल्या संघाच्या श्रेष्ठींस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही आपली फार दिवसांची इच्छा कळविली, व अडचणहि सांगितली. युरोपांत चोवीस अक्षरांवर काम भागतें. येथें सुमारें सहाशें सांचे पाडावे लागतील! ज्यानें जुन्या छापखान्यांत खिळ्यांच्या पेट्या पाहिल्या आहेत त्यास ही अतिशयोक्ति वाटणार नाहीं. एकट्या 'क'ला काना, वेलांट्या, उकार, मात्रा. मग क्त, क्र, क्ष. आणि प्रत्येकास पुनः तोच सारा परिवार.

तें कांहीं त्यांच्या हयातींत झालें नाहीं. म्हणून इ. स. १६१६ त राशोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण निघालें तें रोमन अक्षरांत. भाषा मराठी, छंद ओंवीचा, ओंव्या सुमारें अकरा हजार, आणि लिपी परकी. १६४९ व १६५४ सालीं तें पुनः छापलें. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज सांपडत नाहीं. पुराण तगलें तें हस्तलिखितांवर आणि देवळांतून तें वाचणाऱ्यांच्या कंठांत. दरम्यान राज्यकर्त्यांची नजर फिरली. इ. स. १६८४ त व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं देशी लोकांनीं तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या राज्यांत यंत्र आलें त्याच राज्यांत मुलांच्या तोंडची भाषा काढून घेण्याचा हा घाट! आम्हीं हें झांकून ठेवणें बरें नव्हे. इकडे यंत्रेंहि थंडावलीं, आणि गोव्यांत पुनः छपाई सुरू झाली ती १८२१ त. ख्रिस्तपुराण देवनागरींत छापून निघालें तें पुण्यास, श्री. शांताराम बंडेलू यांच्या संपादनानें, इ. स. १९५६ त, म्हणजे यंत्र गोव्यास उतरल्यापासून बरोबर चारशें वर्षांनीं.

मधल्या काळांतील काम आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं केलें, आणि तें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. मुंबईस अमेरिकन मिशननें १८१७ त मराठी छपाईस आरंभ केला. त्यांच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें देवनागरी खिळे तयार केले. तें पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा छापखाना उभारला व १८३१ त मराठी पंचांग छापलें. यंत्र देशी हातांत गेलें तें त्या दिवशीं. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनीं अहमदनगरास चालविलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली होती, आणि तींतून पुढें काय निघालें हें सर्वांस ठाऊक आहे.

आतां संगणकाविषयीं. या यंत्राशींहि आपल्या धर्मगुरूंचा संबंध जुना आहे. इटालियन येशूसंघी फादर रोबेर्तो बुसा यांनीं १९४९ त आय. बी. एम. कंपनीच्या प्रमुखाची भेट घेऊन संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतील शब्दांची सूची यंत्राकडून करवून घेण्याचें ठरविलें. ती छप्पन्न खंडांत १९८० त पुरी झाली. तें यंत्रहि लॅटिन जाणत होतें, मराठी नव्हे. स्टीफन्ससाहेबांची सहाशें सांच्यांची अडचण तेथें पुनः उभी राहिली, आणि ती सोडविली आपल्या लोकांनीं. कानपूरच्या आय. आय. टी. त व पुण्याच्या सी-डॅकमध्यें असें ठरलें कीं मुळाक्षरें व मात्रा तेवढ्या यंत्रास द्याव्या, जोडाक्षर त्यानें स्वतः जुळवावें. १९९१ त देवनागरीस युनिकोडांत स्थान मिळालें, तें याच धोरणावर. चारशें वर्षें जें कोडें सुटलें नाहीं तें असें सुटलें.

हबसाणच्या लिपीचीहि जात आपल्यासारखीच. प्रत्येक व्यंजनाचीं सात सात रूपें, मिळून दोनशेंहून अधिक. रोममध्यें तिचे खिळे १५१३ पासून होते, पण युनिकोडांत ती आली १९९९ त. आमच्या मंडळींनीं पूर्व आफ्रिकेचें नांव सुचविलें आहे म्हणून हें मुद्दाम लिहिलें. केनियांतील काकुमा येथील निर्वासितांच्या छावणींत येशूसंघीयांनीं २०१० पासून संगणकावरून उच्च शिक्षण चालविलें आहे. त्यांच्याकडून पुष्कळ शिकतां येईल. आणि इतकें दूर कशाला? रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ खैरात येथें एकशिक्षकी शाळेंत २००७ त प्रत्येक मुलास लहानसा संगणक देण्यांत आला होता. त्या प्रयोगाची हकीकतहि मिळवून वाचावी.

जुबिलीचा निधि खर्च करण्यापूर्वीं एक पत्र पाठवावें, असें आम्हीं मंडळींस सांगितलें आहे. तें त्या शाळेच्या शिक्षकास लिहावें, वरिष्ठांस नव्हे. मुलें कोणत्या लिपींत लिहितात, वीज किती तास असते, आणि यंत्र बिघडल्यास तें उघडून पाहणारा माणूस किती कोसांवर आहे, एवढें त्यांत विचारावें. उत्तर आलें म्हणजे पेट्या बांधावयास घेऊं.