राबापासून गोळीपर्यंत

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. तिच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण महाडच्या कारखान्यांकडे बोट दाखवतो, आणि ते चूक नाही. पण दोन्ही तालुक्यांतील भातखाचरांचे पाणीही शेवटी याच नदीला येते. त्या पाण्याबरोबर काय येते हे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

एके काळी इथल्या भाताचे मुख्य खत म्हणजे राब. फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर रोपांच्या जागेवर रचून ते पावसाआधी जाळत. त्यात तणाचे बी मरे आणि राखेतील पोटॅश व स्फुरद रोपांना मिळे. फांद्या आणि पाला मात्र जंगलातून येई. इंग्रज सरकारने जंगले राखीव केल्यावर ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून तक्रारी झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमला गेला. राबाने डोंगर बोडके होतात, असे वनखाते म्हणे. राबावाचून रोप होत नाही, असे शेतकरी म्हणे. दोघांचेही थोडे खरे होते.

हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची कृती जर्मनीत हाबर यांनी १९०९ मध्ये साधली, आणि खताची जंगलाशी असलेली गाठ सुटण्याचा मार्ग खुला झाला. १९५० च्या दशकात भातशेतीच्या ‘जपानी पद्धती’ची मोहीम निघाली. तिने ओळीत लावणी आणि रासायनिक खते यांची ओळख करून दिली. १९६५ मध्ये तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला, १९८० च्या दशकात अलिबागजवळ थळचा. युरिया गावोगाव पोचला. डोंगरावरचा भार हलका झाला, पण आता तो नदीवर आला.

असे का व्हावे? युरियात ४६ टक्के नत्र असते आणि तो पाण्यात चटकन विरघळतो. खाचरात फोकून टाकला की काही दिवसांत त्याचा अमोनिया बनू लागतो. त्यातला काही हवेत उडतो, काहीचे नायट्रेट होऊन ते झिरपते किंवा वायुरूपाने निघून जाते. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खत टाकल्यावर मोठी सर आली की बांधावरून पाणी वाहते, आणि त्याबरोबर खतही. फोकलेल्या नत्रापैकी पिकाला साधारण एक तृतीयांशच मिळते. उरलेल्यातले जे खाली डोहात किंवा खाडीत साचते, त्यावर शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. विहिरीत नायट्रेट गेले तर तान्ह्या मुलांना धोका असतो. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ठरलेली आहे.

यावर उपाय शोधणाऱ्यांत डॉ. एन. के. सावंत हे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या ‘चारसूत्री’ भातशेतीची सूत्रे अशी: भाताचा पेंढा व तुसाची राख शेताला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, दोरीवर नियंत्रित लावणी करणे, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणे. दर चार चुडांच्या मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल जाते. तिथल्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे अमोनियाचे नायट्रेट होत नाही. मातीचे कण त्याला धरून ठेवतात, आणि मुळे त्याच्यापर्यंत पोचतात. वरच्या पाण्यात फारच थोडे नत्र येते. फोकून देण्यापेक्षा बरेच कमी खत पुरते, म्हणजे शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि नदीही.

मग प्रत्येक खाचरात गोळी का दिसत नाही? गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या पडतात, आणि त्या चिखलात वाकून हाताने खोचाव्या लागतात. इथल्या घराघरांतले तरुण मुंबईला कामाला गेलेले आहेत. लावणीलाच माणसे मिळत नाहीत, तिथे हे वाढीव काम कोणी करायचे? राबाच्या वेळी सरकारने शेतकऱ्याची ही बाजू उशिरा ऐकली. नदीसाठी ती आधी ऐकायला हवी, असे आम्हाला वाटते. खोचण्याचे काम हलके करणारे साधे अवजार इथे उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. दोन काचेच्या बरण्यांत सारखा चिखल घेऊन वर चार बोटे पाणी ठेवावे. खाण्याचा रंग चोळलेला मिठाचा खडा एकीत वर टाकावा, दुसरीत चिखलात खोल खोचावा. तासाभराने दोन्हींतले वरचे पाणी ओतून शेजारी ठेवावे आणि मुलांना विचारावे: यातले कोणते पाणी सावित्रीला जावे?