पदकाच्या कडेवरचे नाव

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी जमलेल्या भगिनींपैकी एकीने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून विचारले, "काकू, ही एवढी पदके कोणाची? तुमच्याकडे कोणी सैन्यात होते का?"

आमच्याकडे सैन्यात कोणीच नव्हते. ह्यांना जुनी पदके जमवण्याचा नाद होता, एवढेच. सुटीच्या दिवशी शिवाजी पार्कला फेरी मारून आले, चहा झाला, की स्वारी चोरबाजारात जायची आणि दुपारी कागदाच्या पुडीत काहीबाही घेऊन परतायची. मी म्हणे, "लोक घरातले भंगार बाहेर काढतात, तुम्ही आत आणता!" ते नुसते हसत. ह्यांच्या पश्चात कपाट तसेच राहिले. पण ही पदके कोणाची, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, याची त्या दिवशी लाज वाटली. त्या लाजेपोटी जो खटाटोप झाला, तो मंडळाच्या आग्रहावरून येथे सांगते.

ह्यांची एक वही सापडली. पदक कधी घेतले, काय किमतीला, धातू कोणता, फीत कोणत्या रंगाची, सारे टापटिपीने लिहिलेले. फक्त माणसाचे नाव कोठेच नव्हते. मग नातवाने मोबाइलचा दिवा धरला, मी भिंग घेतले आणि एकेक पदक उभे धरून पाहू लागले. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत बारीक कोरलेली असते. समोरून पाहिले तर राजाचे डोके दिसते. माणूस दिसतो तो कडेवर.

त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. परत न आलेल्याचे पदक त्याच्या वारसाकडे, म्हणजे बहुधा आईकडे नाहीतर बायकोकडे जाई. त्याखेरीज मृतांच्या कुटुंबांसाठी काशाची एक वाटोळी थाळी काढली होती. पाच इंचांच्या आतबाहेर रुंद, वर मृताचे नुसते नाव. हुद्दा मुद्दाम गाळला होता, कारण मरणात मोठा-लहान नको. अशा साडेतेरा लाखांहून अधिक थाळ्या काढल्या गेल्या; त्यांपैकी सुमारे सहाशे स्त्रियांच्या नावाच्या होत्या, हे वाचून मी क्षणभर थांबले.

कपाटातले एक चांदीचे पदक ११० व्या मराठा पलटणीतील शिपायाचे निघाले. त्याचे नाव मी येथे छापीत नाही. का, ते पुढे कळेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवते, आणि ती आता घरबसल्या पाहता येते. नातवाने क्रमांक शोधला. नाव जुळले, पलटण जुळली. पुढे वडिलांचे नाव आणि सातारा जिल्ह्यातले गावही होते. मृत्यू १९१६ सालचा. स्मारक बसऱ्याचे, म्हणजे आजच्या इराकमधले.

ही पलटण तेथे कशी गेली, हे थोडक्यात सांगते. ६ वी पुणे डिव्हिजन १९१४ च्या अखेरीपासून मेसोपोटेमियात लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि फौज कूत-अल-अमारा या गावी अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला. अन्न संपले, घोडे-खेचरे कापून खाण्याची पाळी आली, आणि शेवटी अदमासे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. बंदिवासातल्या वाटचालीत कितीतरी वाटेतच गेली.

बसऱ्याच्या स्मारकावर कबरींचा ठावठिकाणा नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. हे स्मारक १९२९ साली उघडले. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, की कळल्यापासून मला ती टोचते आहे. गोऱ्यांची नावे भिंतीवर आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली आकडा कोरला. इतके मेले, बस्स. अशा भेदभावाबद्दल त्या कमिशनने २०२१ साली जाहीर माफी मागितली, हे खरे. पण भगिनींनो, विचार करा: ज्याचे नाव भिंतीने घेतले नाही, त्याचे नाव माझ्या कपाटातल्या पदकाच्या कडेवर होते. आणि आम्ही ते इतकी वर्षे फितीच्या रंगावरून ओळखत होतो!

मी त्या गावच्या ग्रामपंचायतीला पत्र टाकले. दोन महिने उत्तर नाही. मी आशा सोडली होती. मग एके दिवशी फोन आला, आणि पुढच्या आठवड्यात त्या शिपायाची पणतसून आपल्या मुलाला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी पदक तिच्या हातावर ठेवले. तिने ते उलटे-सुलटे करून पाहिले आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. थोरल्या आजीनं बियाण्यासाठी ते सोनाराला दिलं होतं म्हणतात. पोरं लहान होती."

माझ्याच्याने काही बोलवेना. चोरबाजारातले पदक पाहिले की मी मनात म्हणत असे, कोण ही निष्काळजी माणसे! त्या पदकात अदमासे अडीच तोळे चांदी. नवरा बसऱ्याकडे गेला, घरी आली ती चांदी, आणि ती चांदी तिने शेतात पेरली. यात लाज कसली? मी तिला म्हटले, "बाई, मान वर करा. तिने विकले म्हणून तुम्ही आहात." कुटुंबाला ही गोष्ट चारचौघांत यावीशी वाटत नाही, म्हणून नाव गाळले आहे.

पदकांच्या गोष्टीत बाया अशा मागे उभ्या असतात. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आपली सारी तुकडी पडल्यावर एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि ते ठाणे घेऊन तेथेच धारातीर्थी पडले. वय बावीस. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉसही मरणोत्तरच. आणि स्वतंत्र भारताचे परमवीरचक्र तर एका स्त्रीनेच रेखाटले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकरांशी लग्न करून आपल्या झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी त्यावर इंद्राचे वज्र घातले. दधीचीने अस्थी दिल्या तेच वज्र. त्याला शिवरायांच्या तलवारीची जोड दिली. पहिले चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते त्यांच्याच थोरल्या मुलीचे दीर. आजवर दिलेल्या एकवीस चक्रांपैकी चौदा मरणोत्तर आहेत.

पदके जमवणे वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. ह्यांनी ते उचलले नसते, तर सोनाराच्या मुशीत गेले असते. पण चोरीची पदकेही बाजारात फिरतात. १९४५ साली सोबत्यांना वाचवताना प्राण दिलेले नाईक किरपा राम यांचा जॉर्ज क्रॉस त्यांच्या पत्नीच्या घरून चोरीला गेला आणि २००९ साली लंडनच्या लिलावात निघाला. ओरड झाली म्हणून विक्री थांबली. तेव्हा जमवणाऱ्याने किंमत लिहिण्याआधी नाव लिहावे, एवढेच माझे म्हणणे.

ह्यांच्या वहीत मी आता एक नवा रकाना आखला आहे: नाव आणि गाव. एकोणतीस पदकांपैकी अकरांची नावे लागली, एक घरी गेले. डोळे साथ देतील तोवर बाकीची पाहीन. तुम्हांलाही विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या डब्यात असे काही सापडले, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उजेडात उभे धरा आणि कड वाचा. अक्षर लागले नाही, तर माझ्याकडे या. भिंग माझ्याकडे आहे, चहाही आहे.