परळचे उंदीर, पोटातले जंत आणि दह्याची वाटी

तत्त्वज्ञानाचा मास्तर जंतांवर काय बोलणार, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी बोलणार आहे ‘कारण’ या शब्दावर. गरोदर बाई फिकी पडते, दोन जिने चढून दमते. कारण काय? पोटातले जंत, की ताटातलं अन्न? आणि हल्ली विचारतात तसं, दह्यातले जीवाणू तिला जंतांपासून वाचवतील का? या प्रश्नांचा धागा परळमधून जातो. आपण मुलुंडकर लोकलने रोज ते स्टेशन ओलांडतो.

धाग्याचं पहिलं टोक इल्या मेचनिकॉफ. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. सकाळी पाहतो तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. शरीर शत्रूला गिळतं, ही कल्पना तिथली. तिला १९०८ चं नोबेल मिळालं. याच गृहस्थाने पुढे सांगितलं, की आंबवलेल्या दुधातले जीवाणू आतड्यातल्या घातक जंतूंना आवर घालतात. म्हणजे प्रतिकारशक्ती आणि ‘प्रोबायोटिक’, दोन्हींचं बीज एकाच डोक्यात! त्याचा ओडेसातला विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली.

त्याच इमारतीत १९२८ च्या अखेरीस ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत होता. त्यात मृत्यूही होत. संसर्ग की आहार? तिने बायकांचं जेवण, राहणी पाहिली. उंदरांना तसाच निकृष्ट आहार दिला, ते आजारी पडले. यीस्ट दिलं की बचावले. झालं, सिद्ध! पण नाही. उंदरांना उवा झाल्या होत्या. उवांतून पसरणाऱ्या संसर्गानेही रक्त कमी होतं, म्हणून निष्कर्ष डळमळला. तिने ते झाकलं नाही. माकडांवर प्रयोग पुन्हा केले. स्वस्त यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बायका बऱ्या झाल्या. तो निबंध १९३१ चा. त्या अज्ञात घटकाला पुढे फॉलिक आम्ल हे नाव १९४१ साली मिळालं, तेही पालकाच्या पानांवरून.

आता नीट बघा. यीस्ट हा सूक्ष्मजीव खरा, पण तो जिवंतपणी लढला नाही. त्याच्या अर्कात हवी ती वस्तू होती, एवढंच.

जंतांची गोष्ट वेगळी. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. एक कृमी, जातीनुसार, दिवसाला सुमारे ०.०३ ते ०.२ मिलिलिटर. शेकडो असले तर हिशेब करा. शरीरातलं लोह जातं, तांबड्या पेशी लहान होतात. विल्सच्या रुग्णांत त्या मोठ्या होत्या. फिकेपणा एकच, कारणं दोन. आणि एकाच बाईत दोन्ही असू शकतात!

गरोदरपणी प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ म्हणतात, तेही अर्धवट आहे. निम्मं वडिलांचं असलेलं बाळ तिला सांभाळायचं असतं, म्हणून ती आपली तऱ्हा बदलते. चंदीगडला पंजाब विद्यापीठात जियार्डिया झालेल्या उंदरांना लॅक्टोबॅसिलस देऊन उपयोग झालेला दिसला. पण जियार्डिया हा एकपेशीय परजीवी, अंकुशकृमी नव्हे. आणि उंदीर म्हणजे गरोदर बाई नव्हे. विल्सच्या उवा विसरू नका.

म्हणून सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. डोहाळजेवणाला दहीभात जरूर वाढा. पण लेक-सून फिकी दिसली, तर ‘दही खा’ म्हणून सोडून देऊ नका. तिला आधी दवाखान्यात न्या, रक्त तपासा. कारण एकच असतं, हा आपला आळस आहे. त्याची किंमत ती मोजते.