शाळेची पायरी आणि राज्यसंस्था

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले की घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा प्राकृत लेख दृष्टीस पडतो. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव आदींना वंदन करून त्यात अश्वमेधादी यज्ञांची व दक्षिणेची नोंद केली आहे. याच घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंना शेत दान दिले आणि त्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, अशी सूटही लेखात कोरविली.

अशा दाखल्यांवरून प्राचीन राज्यसंस्था धर्मनिरपेक्ष होती, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाही. यज्ञाला आणि संघाला सारखेच दान देणे ही राजाची उदारता होय. उदारता दात्याच्या मर्जीवर टिकते. अधिकाराला अशा मर्जीची गरज नसते. हा भेद सर्वाधिक स्पष्ट होतो तो सरकारी शाळेत.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, आगरी, कुणबी, बौद्ध, मुसलमान अशी नानाविध वस्ती आहे. यांतील काही घरांत पुजला जाणारा वाघोबा कोणत्याही धर्मग्रंथाच्या आधारावर उभा नाही. अशा घरांतील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा शासकीय आश्रमशाळेत एका रांगेत उभी राहतात, तेव्हा प्रार्थना कोणाची म्हणावयाची?

संविधानाच्या अनुच्छेद 28 ने याचे उत्तर दिले आहे. संपूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही कोणास त्याच्या, अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत या तरतुदीचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास यांत स्पष्ट भेद केला. पहिल्यात मतांचा स्वीकार अपेक्षित असतो, दुसऱ्यात चिकित्सा.

तथापि केवळ प्रार्थना वगळल्याने शाळा सर्वांची होत नाही. 1856 साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार विद्यार्थ्याला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. मुलाची बाजू न्याय्य आहे हे मुंबई सरकारला पटत होते. परंतु एका व्यक्तीसाठी रूढ पूर्वग्रहांना धक्का देण्याची त्याची तयारी नव्हती. पुढे वरिष्ठ सत्तेने हे धोरण अमान्य केले. शासनाने धर्माज्ञा उच्चारली नाही, पण धर्माने घालून दिलेली पायरी मात्र राखली. अलिप्तता म्हणजे अन्यायासमोरचे मौन नव्हे, हा या प्रकरणाचा बोध होय.

नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत अधिकारांचा भंग करणारी ठरविली. सुशिक्षित, प्रौढ शिक्षकालाही आपले हात आपल्या इच्छेने ठेवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. मग डोंगरातील पाड्यावरून आश्रमशाळेत आलेल्या, सायंकाळी घरी परतण्याचीही सोय नसलेल्या सात वर्षांच्या मुलीने कोणाकडे दाद मागावी?

हा प्रश्न इतरांस विचारताना आम्ही स्वतःसही विचारला पाहिजे. एखाद्या गावच्या सरकारी शाळेत बौद्ध मुले बहुसंख्य असली, तरी तेथे सर्वांकडून त्रिसरण म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. त्याचे स्थान विहारात व घरात आहे. शाळेत मुलांना नाणेघाटाचा लेख वाचावयास शिकवावे, यज्ञ करणारे आणि भिक्षूंना शेत देणारे एकाच घराण्यातले होते हे सांगावे, आणि त्यावर त्यांना मोकळेपणी प्रश्न विचारू द्यावेत. हात जोडावेत की नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.